एअर फिल्टर मी स्वतःच बदलतो

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी खोकते. पिकअप मेला. ड्युअल-स्पोर्ट बाईक म्हणजे डांबरावर चालते आणि डांबर नसेल तिथेही चालते. माझी सध्या दोन्हीकडे सारखीच खोकून राहिली. निदान मी लावलं आहे. एअर फिल्टर चोंदला. बस.
मी शिकवतो त्या क्लासमधला केमिस्ट्रीवाला कुंदन म्हणे, शेखरभाऊ, गॅरेजले टाकून द्या न, कायले डोक्याले ताप. शिसारी येते मला असल्या वृत्तीची. माणसाने आपल्या गाडीचं नाक आपण साफ करू नये? रविवारी करणार. तासाभराचं काम. व्हिडिओ पाहिला. अर्धा पाहिला, पुढचं लक्षात आलं.

९ नोव्हेंबर, रविवार
सीट काढली. फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं.
शी.
आत उंदराचा संसार. कापूस, सोयाबीनचा भुसा, आईच्या लुगड्याची किनार, आणि या सगळ्यावर एक वाळलेला उंदीर, दात दाखवत. वास डोळ्यांत गेला. स्वयंपाकघरातली सांडशी आणून त्याला बाहेर काढला. रागिणीने सांडशी थेट नालीत फेकली. म्हणाली, दुसरी आणल्याशिवाय चहा मिळणार नाही. नवऱ्याच्या कष्टाचं कौतुक नाही, सांडशीचं आहे.
फिल्टर म्हणजे साधा स्पंज. काळा, चिकट, ओकारी येईल असा. आंघोळीच्या बादलीत साबणाच्या पाण्यात धुतला. पाणी डांबरासारखं. आता त्या बादलीला कोणी हात लावायला तयार नाही. नाजूक लोक.
फिल्टर दोरीवर वाळत घातला. काम फत्ते. फक्त बसवायचा राहिला.

१० नोव्हेंबर
दोरीवर फिल्टर नाही.
आईला विचारलं. ती म्हणे, थो स्पंज? मले वाटलं घासणीच हाय, धुऊन वाळू घातली होती न बाप्पा. विळीवर चार तुकडे केले म्हणे. एकाने जळकी कढई घासली, एक शेजारच्या चतुराबाईला दिला. वर मलाच सांगते, लई छान घासणी हाय, अजून आण.
त्याच कढईतली वांग्याची भाजी मी सकाळी दोनदा वाढून घेतली होती.
आज जेवलो नाही.

१२ नोव्हेंबर
नवीन फिल्टर अमरावतीत मिळत नाही. पुण्याहून येणार. कधी, ते दुकानदाराला माहीत नाही आणि ते सांगताना त्याने जांभई दिली. तोंडावर.
रागिणीला अकोल्याच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. लायब्ररियनची जागा, मुलाखत एकवीस तारखेला. लग्नानंतर दोनदा तिची अशी संधी हुकली. एकदा माझ्या बहिणीचं बाळंतपण, एकदा माझी कावीळ. या वेळी मी स्वतः नेणार. गाडीवर.
ती म्हणाली, मी बसनं जातो न.
दुखावलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
माणूस अडला की डोकं चालतं. जुन्या गादीचा स्पंज कापून फिल्टर तयार केला. मूळ फिल्टरपेक्षा जाड, म्हणजे जास्त चांगला. धूळ पकडायला त्याला तेल पाजावं लागतं. खास तेल येतं म्हणे. चिकटपणा महत्त्वाचा, नाव नाही. घरातलं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल वापरलं.
गाडी सुरू झाली! फक्त सायलेन्सरजवळ भजी तळल्यासारखा वास येतो. फोटो कुंदनला पाठवला. त्याचा फोन आला, भाऊ, मी तसाबी अकोल्याले चाललो, वहिनीले माझ्या कारमधी येऊ द्या.
मत्सर किती वाईट.
रागिणी एवढंच म्हणाली, मी त्या दिवशी साडी नेसणार हाओ, तुमाले ध्यानात हाय न?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी
निघतो. हायवेने कोणीही जातं. आम्ही दर्यापूरवरून.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळी
वलगावपर्यंत झकास. पुढे गाडी दम खायला लागली. दर्यापूर सोडल्यावर मी एका पांदणीत, शेतांमधल्या कच्च्या वाटेत, घातली. शॉर्टकट, आणि गाडीला मोकळं व्हायला मिळावं म्हणून. पांदण म्हणजे नुसता फुफाटा. जोरात अ‍ॅक्सिलरेटर पिळला. गाडीने घशात काहीतरी ओढलं, ढेकर दिला आणि थंड पडली.
वळून पाहिलं. रागिणीची मोतिया साडी मातीच्या रंगाची. भुवयासुद्धा. मी म्हटलं, पाचच मिनिटं. तिने फाईल पदरात गुंडाळली आणि रस्त्याकडे चालायला लागली.
तिच्यामागे गाडी ढकलत गेलो. फाट्यावर कापूस वेचायला निघालेल्या बायांची जीप उभी होती. एका म्हातारीने सरकून जागा केली, आपल्या बाटलीतलं पाणी देऊन तिचं तोंड धुवायला लावलं. दुसरीने विचारलं, कोठी जाऊन राहिली बाई? रागिणी म्हणाली, इंटरव्ह्यूले. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. उंदराकडे मी पाहिलं होतं, अगदी तसं.
जीप गेली. त्यांच्या रस्त्यावरून ती अकोल्याच्या बसपर्यंत कशी पोचणार, हे मी विचारलंच नव्हतं. बांधावर बसून राहिलो. कानात माती, दातांत माती. स्वतःच्याच अंगाला भज्यांचा वास. शेवटी फोन केला, तेव्हा दुपारी कुंदन टेम्पो घेऊन आला. आधी मला पाणी दिलं, मग गाडी चढवली. हे जास्त किळसवाणं.

२८ नोव्हेंबर
रागिणीची निवड झाली!
मुलाखतीला उशिरा का आलात, असं विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं म्हणे. गादी, फल्लीतेल, सगळं. समितीवाले पोट धरून हसले, मग मोकळेपणाने प्रश्न विचारले. म्हणजे श्रेय कोणाचं, ते स्पष्ट आहे. तिला तसं सुचवलं. ती उठून आत गेली.
पुण्याचा फिल्टर आला. छान आहे. गॅरेजवाला म्हणतो, बसवायला इंजिन उरलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार
आज ती रुजू होणार. तिला सोडायला बसस्टँडवर गेलो. ऑटोने. ऑटोत तिने सांगितलं, आठवडाभर तिथे मैत्रिणीकडे राहील, शनिवारी येईल, आणि घ्यायला कोणी यायचं नाही. मी म्हटलं, अगं, मी आहे न. ती म्हणाली, म्हणूनच.
बस सुटताना तिने खिडकीजवळून हात वर केला. मीही केला, जोरजोरात हलवला. ती कंडक्टरला बोलावत होती.