मुक्कामगाडीची दुसरी बॅटरी

बोदवड,
९ ऑक्टोबर १९९५

चि. चुडामण,

आशीर्वाद. कागदाच्या माथ्यावर मी 'श्री' लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ती जागा चौकशीला वापरतो. तू कसा आहेस? तुझ्या सौ. सुनंदाबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली का? जळगावात पिंप्राळ्याला तुमच्या गल्लीत नळाला पाणी यायला लागलं की अजून हंडे घेऊन फिरता?

आमचं ठीक चाललं आहे. मुक्कामगाडी स्टेशनाबाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. गाडी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, वर पत्र्याचं छप्पर, आत दोन फळ्या झोपायला, एक स्टोव्ह, पुस्तकांची मांडणी आणि आपलं स्लाइडचं यंत्र. तुला हे सगळं सांगायची गरज नाही, छपराचे बोल्ट तूच आवळलेस. पण गावोगावी मी रोज हेच वर्णन करतो, त्यामुळे हात आपोआप लिहून गेला. सोनगीरचा झिपरू ट्रॅक्टर ओढतो, भाकरी भाजतो आणि माझ्या भाषणात चुका काढतो.

चोवीस तारखेला सकाळी सूर्यग्रहण आहे. त्याआधी चाळीस गावं करायची आहेत. कालच्या सभेत एका म्हातारीने विचारलं, "गरवारशी बाईनं इळा हातात धरला तर पोराचा ओठ फाटतो, खरं का?" मी म्हटलं, "आजी, ओठ फाटायचा तर तो इळ्याच्या धारेने फाटेल, सूर्याने नाही." बायका हसल्या. हसल्या म्हणजे अर्धं काम झालं.

रावेरच्या सभेबद्दल तुझ्या कानावर काही आलं असेल. सभेच्या भरात बोललं जातं. वक्त्याच्या तोंडचा शब्द आणि न्यायाधीशाच्या तोंडचा शब्द यांत फरक असतो, हे समजून घेण्याइतका तू शहाणा आहेस. रावेरचे केळीचे ट्रकवाले तुझ्या बॅटरीच्या दुकानाकडे फिरकत नाहीत, असंही कोणी म्हणालं. येतील, लोकांची आठवण लहान असते.

एका कार्यकर्त्याने एक शंका विचारली आहे, ती तुला कळवतो. एक नवी बॅटरी आणि एक जुनी, दोन्हींच्या तारा एकत्र जोडल्या तर काय होतं? आणि दोन्ही ठेवायच्याच असतील तर उपाय काय? सवडीने कळव. त्याला घाई नाही.

दिवाळीला घरी येणं जमेलसं दिसत नाही.

तुझा ज्येष्ठ बंधू,
लीलाधर


रावेर,
३० ऑक्टोबर १९९५

प्रिय चुडामण,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आशीर्वाद वरून खाली येतो, आणि मी आज तुझ्या वर कुठेही बसलेलो नाही.

तुझं पार्सल मिळालं. एका मालट्रकवाल्याने बोदवडला आणून झिपरूच्या हातात दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चेंजओव्हर स्विच, चार हात लांब जाड केबल आणि लाकडी फळीवर तुझ्या लाल रंगात एवढंच: 'एका वेळी एकच.' पत्र नाही. शिव्या नाहीत. त्या 'कार्यकर्त्या'चं नावही विचारलेलं नाहीस.

तू चार पानं लिहून मला झोडपलं असतंस तर मी आठ पानांचं उत्तर पाठवलं असतं. तेवढं तर मला येतं. तू तीनच शब्द पाठवलेस.

तेव्हा आता जे झालं ते क्रमाने लिहितो. तुला बरंचसं माहीत आहे, पण एक गोष्ट माहीत नाही, आणि तिच्यापर्यंत पोचायला मला मागूनच यावं लागेल.

जुन्या बॅटरीवर माइक आणि ट्यूबलाइट दोन तास चालायचे. त्यात स्लाइडचं यंत्र आलं आणि पाऊण तासात सगळं मिणमिणू लागलं. म्हणून मी तुझ्याकडे दुसरी बॅटरी मागितली. तू नवी करकरीत दिलीस, चार्ज करून, वर तारीख घालून. आणि म्हणालास, "भाऊ, उद्या खंडेनवमी. माझी हत्यारं पूजेला बसतील. दसरा झाला की मी स्वतः येऊन जोडून देतो. तोवर तुम्ही हात लावू नका."

माझं डोकं तिथेच फिरलं. चाळीस गावांत जाऊन मुहूर्ताविरुद्ध बोलायचं आणि सख्खा भाऊ पान्याला हळदकुंकू लावून दोन दिवस गप्प बसणार! मी तुझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "दोन तारा जोडायला कसला आलाय मुहूर्त?" तू खाली बघून फक्त म्हणालास, "मुहूर्त नाही भाऊ. स्विच बनवायचाय." ते मी ऐकलं नाही. मला जे ऐकायचं नसतं ते मी उत्तम प्रकारे ऐकत नाही, हे सुनंदाबाई पूर्वीच म्हणाल्या आहेत.

खंडेनवमीच्या दिवशी, मुद्दाम त्याच दिवशी, मी दोन्ही बॅटऱ्या स्वतः जोडल्या. अधिकला अधिक, उणेला उणे. झिपरूला म्हटलं, "बघ, आकाश कोसळलं का?" तो म्हणाला, "आते नही कोसळणं."

दसऱ्यानंतर इथे रावेरच्या चौकात सभा होती. गर्दी खचाखच. तिसऱ्या स्लाइडला पडदा पिवळा पडला, माइक घोगरा झाला आणि बंद. जुनी बॅटरी तव्यासारखी तापली होती, तिच्या झाकणांतून पाणी उकळत होतं, अ‍ॅसिडचा वास नाकात गेला. नवीही तिच्याबरोबर रिकामी. आणि मी? मी ट्रॉलीच्या दांड्यावर उभा राहिलो आणि माइकशिवाय ओरडलो, "माझ्या सख्ख्या भावाने जुनीला रंग फासून नवी म्हणून दिली! ज्या घरात भाऊ भावाला फसवतो, त्या घराला आभाळातल्या ग्रहणाची काय भीती? तिथे ग्रहण रोजच लागलेलं आहे!"

टाळ्या पडल्या, चुडामण. केवढ्या पडल्या. वाक्य म्हणून ते चांगलंच होतं. आणि ते खोटं होतं.

बोलताना मला ते खोटं वाटत नव्हतं, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरूने नवी बॅटरी एकटी काढून ट्रॅक्टरच्या डायनॅमोवर लावली. दुपारपर्यंत ती भरली आणि तिच्यावर ट्यूब, माइक, यंत्र, सगळं लख्ख चाललं. म्हणजे नवी ती नवीच होती, जुनीच तिची वीज ओढून तिला रिकामी करत होती. तेव्हाच मला कळलं. तुला नऊ तारखेला पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं.

आता ती गोष्ट.

जुन्या बॅटरीच्या अंगावर, भिंतीकडच्या बाजूला, तू लाल रंगाने लिहिलं होतंस: 'एक सेल नरम. हिला दुसरी जोडू नये.' तुला वाटत असेल, भाऊंनी ते पाहिलंच नाही. सुनंदाबाईंनी तुझी तशी समजूत घातली असेल. नाही. मी ते वाचलं होतं. जोडण्याआधी वाचलं होतं. आयुष्यभर छापलेला कागद दिसला की वाचत आलेला माणूस मी, भज्याच्या कागदावरची अर्धी बातमीसुद्धा सोडत नाही. मी वाचलं आणि म्हटलं, कारागिराचा बाऊ.

आणि नवी बॅटरी चालली, त्या दुपारी मी रॉकेलचा बोळा घेऊन ती ओळ पुसून टाकली.

कोणी येऊन वाचू नये म्हणून. विज्ञानाचा प्रचारक पुरावा पुसत होता, आणि झिपरू स्टोव्हपाशी बसून बघत होता. त्या दिवसापासून त्याने मला भाषणात चुका सांगणं बंद केलं. मला ते बोचत होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता.

तुझा स्विच आला तो त्यानेच बसवला. जुनी बॅटरी आता एकटी, फक्त झोपायच्या जागेच्या बारक्या दिव्याला. नवी माइकला आणि यंत्राला. खटका इकडे की ही, तिकडे की ती. दोघी कधीच एकमेकींना भिडत नाहीत. गाडी चालते तेव्हा आळीपाळीने भरतात. त्यानंतर एकही सभा बुडाली नाही.

चोवीस तारखेला सकाळी आम्ही बोदवडजवळच्या एका वस्तीवर होतो. पुठ्ठ्याला छिद्र पाडून मुक्कामगाडीच्या आतल्या पत्र्यावर सूर्य पाडला. कडेने कुरतडलेली भाकरी दिसावी तसा तो दिसत होता. बेबाबाई नावाची सात महिन्यांची गरोदर मुलगी सासूचा हात सोडवून बाहेर आली, बघून म्हणाली, "एवढंच?" आणि तिथेच बसून शेंगा सोलायला लागली. मला रडू आलं. झिपरूने माझ्याकडे पाहिलं आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझी चूक काढली: "भाऊ, तुम्ही बठ्ठासले गऱ्हान समजाडतस. त्या बॅटरीनं कोन सांगी?" खरंच होतं, सगळ्यांना ग्रहण समजावणारा मी, त्या बॅटरीचं माझ्याशिवाय कोण सांगणार?

परवा आम्ही पुन्हा रावेरला आलो. तोच चौक. तुझा खटका 'नवी'वर टाकला, माइक खणखणीत. मी सांगितलं. मुहूर्ताबद्दलचा माझा राग, तारा, वाचलेली ओळ, रॉकेलचा बोळा, काही सोडलं नाही. ती जुनी बॅटरीही वर उचलून दाखवली.

एक ट्रकवाला मागून ओरडला, "म्हंजे चुडामणशेठचा माल खरा होता?"

"खरा होता."

"मंग खराब काय होतं?"

"जुनीचा एक सेल. आणि मी."

तो म्हणाला, "मंग तेवढं आम्ही तिकडे जाऊन सांगतो. माझीबी बॅटरी बघायचीय."

एकही टाळी पडली नाही. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं, आणि त्या शांततेत मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. छातीवर उभी केलेली ट्रॉली कोणी काढून नेल्यासारखं. आज दुपारी फळीवर आडवा झालो तो थेट चहाच्या वासाने उठलो. महिनाभरात अशी झोप लागली नव्हती. झिपरू पुन्हा चुका काढायला लागला आहे. म्हणतो, मी 'वैज्ञानिक' हा शब्द एका भाषणात बावीस वेळा वापरतो.

पान्याला हळदकुंकू लावण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, आणि तुझ्या दुकानात येऊन मी त्यावर भांडेन. पण त्या दिवशी तू हत्यारं बाजूला ठेवून स्विचचा विचार करत होतास, आणि मी पुस्तकं वाचून हत्यार उचललं होतं. आंधळा कोण होता हे मला सांगावं लागू नये.

जुन्या बॅटरीवर ती ओळ मी पुन्हा लिहिली आहे. लाल रंग झिपरूने आणला, अक्षर माझं आहे, वेडंवाकडं आलं आहे. तू येशील तेव्हा तुझ्या हाताने नीट लिही. तोपर्यंत माझीच राहू दे.

सुनंदाबाईंकडून कळलं की रावेरच्या सभेपासून तू मला भाऊ म्हणत नाहीस, 'ते व्याख्याते' म्हणतोस. बरोबरच म्हणतोस. दिवाळीलाही मी तोंड दाखवलं नाही. आता आठवड्याने जळगावला येतो आहे. तुझ्या दुकानाच्या पायरीशी उभा राहीन. आत ये म्हणालास तर येईन.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी झिपरूला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "बठ्ठं लिखं?" मी म्हटलं, "बठ्ठं, काही सोडलं नाही." तो म्हणाला, "मंग आते सही करा."

करतो.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
नाहीतर नुसता
लीलाधर