पावडरचे दोन डबे

४ ऑगस्ट
ऋतुजा, तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? स्पृहाचे पुढचे दात आले का? ही वही भरली की तुला पाठवणार, म्हणून खुशाली आधीच विचारून ठेवतो. मी ठणठणीत. हडपसरच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचं काम मिळालं. नारायण पेठेत घरी बसून भिंतींशी किती बोलणार?

५ ऑगस्ट
इथे गोल हौदात दुधाची पावडर कालवून पाणी पांढरं करतात. आत एक पाट बुडवलेला. उंदीर पोहत तो शोधतो आणि भिंतीवरची चित्रं पाहून जागा ध्यानात ठेवतो. चार दिवसांत सरळ पाटावर. इथल्या संशोधक ऋचाताई सांगतात, मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून इवलासा भाग असतो, जागांचा नकाशा तिथे. त्यांच्याकडून पुस्तक आणलंय. मी उंदरांना नावं दिली तर म्हणाल्या, "काका, आता घुगऱ्याही वाटा."

८ ऑगस्ट
कपाटात पावडरचे दोन अर्धे डबे होते. छोटा मोठ्यात ओतला, घासून पालथा घातला. त्यावरची आकड्याची चिठ्ठी घासताना निघाली. अर्धवट डबे आपल्या घरात कधी चाललेत? त्याच पावडरचा दोघांना चहा केला. ऋचाताई म्हणाल्या, रोज करत जा.

१२ ऑगस्ट
आज एकही उंदीर पाटाशी पोचला नाही. सगळे काठाकाठाने फिरत राहिले. दुपारी बसमधून उतरलो आणि तीनदा त्याच चौकात आलो. साठ वर्षांची माझी पेठ. ऊन लागलं असेल.

१४ ऑगस्ट, सकाळ
ऋचाताईंनी छोटा डबा मागितला. त्यातल्या पावडरीत औषध होतं, उंदरांचा नकाशा पुसणारं. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आत्ताच दवाखान्यात जाऊ म्हणाल्या. उठल्या, भिंतीला हात लावून खोलीभर फिरल्या, परत माझ्यापाशी. म्हणाल्या, "काका, दार कुठाय हो?"
मला सांगता आलं नाही.

१४ — बाहेर ऊन आहे
दार दिसतं. निघालो की परत हौदाशी. ऋचाताईंनी फोन लावला. पलीकडून विचारतात, कुठे आहात. नाव जिभेवर येत नाही, दोघांच्याही.

त्या अजून काठाकाठाने —

ऋतुजा, चहा माझा होता. या ऋचाताई पोरीचा काही दोष नाही, हे सगळ्यांना सांग. उत्तर लवकर लिही, बाळा. पत्ता —