उतारावर बंद केलेलं इंजिन

बाबा, मी गाडी घेतली. हायब्रिड. म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि पोटातल्या बॅटरीवरही, आणि कधी कशावर चालायचं ते तीच ठरवते, चालवणाऱ्याला विचारत नाही. हे तुम्हाला समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला असता आणि शेवटी तुम्ही बिडी विझवून म्हणाला असतात, "एकाला पाजायला पुरत नाय, आन् ही दोन दोन बाळगते." तुम्ही नाही आहात तेच बरं. गाडीच्या बाबतीत तुमच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही, आणि गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं हा नियम मी पाळत नाही. तरी लिहितेय, कारण आई आत मशीनला लावलेली आहे, मी दवाखान्याच्या आवारात गाडीत बसलेय आणि तपासायला आणलेल्या घटक चाचणीच्या पेपरांकडे बघवत नाही.

आईची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा तिला महाडला डायलिसिसला आणावं लागतं. मी महाडला शाळेत गणित शिकवते आणि तिथेच फ्लॅटवर राहते, हे तुम्हाला माहीत आहे. आई अजून वाडीवरच, आंबेनळी घाटाच्या वळणांच्या वर, तुम्ही बांधलेल्या घरात. माझ्याकडे आणून ठेवली तर चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात जाऊन बसली. "माझ्या कोंबड्या कोण बघंल? हितं खिडकीतून दुसऱ्याची खिडकीच दिसते." भाड्याचे जीपवाले पावसाळ्यात घाटात दरड आहे म्हणून हात वर करतात, आणि दरड नसली तरी करतात. तेव्हा तुमचे चिरंजीव डोंबिवलीहून बोलले की आईला त्यांच्याकडे पाठवावं, सातव्या माळ्यावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, "मी जाणार नाय. गेले तर चार महिन्यांत तुम्हीच मला खाली आणाल, चौघांच्या खांद्यावरून." ती असं बोलते तेव्हा धमकी देत नसते, माहिती देत असते. म्हणजे प्रश्न सरळ होता. वाडीवरून महाडला दर वेळी न चुकता येईल अशी गाडी, नाहीतर डोंबिवली.

चिरंजीवांनी मोठ्या मनाने स्वतःची गाडी महिनाभरासाठी आणून दिली. चार्जिंगची. पेट्रोलची टाकीच नाही, प्लग लावायचा आणि निघायचं. अंगणात उभं राहून त्याने मला तासभर व्याख्यान दिलं. "ताई, रनिंग कॉस्ट बघ ना. पेट्रोल भरणं म्हणजे नोटा जाळणं आहे. आणि घाट उतरताना बॅटरी फुकटात भरते!" फुकट हा शब्द उच्चारताना तो हुबेहूब तुमच्यासारखा दिसतो. हिशोबाने त्याचं बरोबर होतं, मी आकड्यांशी भांडत नाही. विजेवर किलोमीटरला जे लागतं ते पेट्रोलपुढे चणेफुटाणे आहेत. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, सर्व्हिसिंगला मेकॅनिकची तोंडपूजा नाही. पण हा हिशोब ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचं मीटर आहे त्याचा. माझ्या सोसायटीच्या चेअरमननी प्लग बसवायला नकार दिला, "आज तुम्ही, उद्या सगळे" असं म्हणून, जणू मी इमारतीत रोग आणत होते. चिरंजीव फोनवर म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोड. बी.ई. झालेला माणूस आहे तो, बाबा. त्याच्या फीसाठी तुम्ही जीप विकली होतीत.

मग मी वाडीवर मुक्कामाला जाऊन तिथे चार्ज करायचं ठरवलं. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या बोर्डातून वायर काढली, शेगडीच्या मागून, खिडकीतून, तुळशीला वळसा घालून गाडीपर्यंत. बटण दाबलं तसा घरातला दिवा पिवळा पडला आणि पंखा मेल्यासारखा फिरू लागला. दोन घरं सोडून गिरण आहे, तिचा मालक पिठाने पांढरा होऊन आला. "कुणी काय लावलाय गो? माझ्या गिरणीचा पट्टा फिरना झालाय!" आईने ओट्यावरून बोट दाखवलं. "ही गाडी हाय का म्हस? रात्रभर बांधून हिला खायला घालायचं, आन् सकाळी दूध देईल का नाय त्याचा भरवसा नाय." त्या दिवशी मी आईवर चिडले. पुढच्याच आठवड्यात तिचं बरोबर निघालं. संध्याकाळी वारा सुटला, कुठेतरी तार पडली आणि सकाळपर्यंत वाडीत वीज नव्हती. आदल्या दिवशी घाट चढून आलेली गाडी तशीच अर्धपोटी. उतारावर थोडी भरली, पण पोलादपूरला आल्यावर पुढे महाडपर्यंत जाण्याची माझी छाती होईना. हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जिंगचं यंत्र आहे, तिकडे वळले. दोन प्लग. एकावर बंद असल्याची पाटी, दुसऱ्याला महाबळेश्वरला निघालेल्यांची टोलेजंग गाडी जोडलेली आणि तिचे मालक आत मिसळ खाताहेत. मी त्यांना जाऊन सांगितलं, आईचं डायलिसिस आहे. त्यातल्या गॉगलवाल्याने मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाला, "आमचं अजून ऐंशी टक्केच झालंय, काकू." ऐंशी टक्के! आई प्लास्टिकच्या खुर्चीवर सुजलेले पाय लांब करून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या मशीनवर दुसरा पेशंट होता. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला चप्पल चढत नव्हती आणि जिना चढताना धाप लागत होती. चिरंजीवांना फोन केला तर म्हणतात, "म्हणूनच सांगतो, आईला इकडे आण." स्वतःची गाडी अडली तर दोष आईच्या पत्त्याचा. नाचता येईना, अंगण वाकडं.

तर मी माझी गाडी घेतली. शोरूममधल्या टायवाल्या पोराने मायलेजचा आकडा असा सांगितला की जणू गाडी वासावर चालते. मी विचारलं, कोणत्या घाटात? म्हणाला, "मॅडम, टेस्ट कंडिशनमध्ये." टेस्ट कंडिशन म्हणजे जिथे घाट नाही, पाऊस नाही आणि मागच्या सीटवर कुणाची आई नाही. हायब्रिडही काही देवाघरची नाही. किंमत अव्वाच्या सव्वा, माझ्या दोन बांगड्या आणि पाच वर्षांचे हप्ते. चढावर पेट्रोल घटाघट पिते. चिरंजीव म्हणाले, ना धड इकडची ना तिकडची. असू दे. टाकी भरलेली असली की वाडीत वीज असो नसो ती निघते, आणि वाडीच्या उंबऱ्यापासून मशीनपर्यंत आईला आजवर एकदाही कुठल्या खुर्चीवर वाट बघत बसावं लागलेलं नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

आता तुमच्याकडे येते. तुमची जीप. पोलादपूरहून वर प्रवासी घेऊन जायचात ते इंजिनावर, आणि माथ्यावरून परतताना किल्ली फिरवून इंजिन बंद करायचात आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकायचात. पाठीमागे आठ-दहा माणसं, एकीकडे दरी, आणि गाडी न्यूट्रलमध्ये नुसती घरंगळत चाललेली. बायका देवाचं नाव घ्यायच्या. तुम्ही म्हणायचात, "उताराला पेट्रोल जाळील तो नरकात जाईल." खाली सपाटी लागली की खिशातली किल्ली काढून पुन्हा फिरवायची, इंजिन धडधडायचं, आणि तुम्ही एखाद्याच्या घरी अवदसा शिरावी तसं तोंड करून म्हणायचात, "झालं, लागली प्यायला." मध्ये झऱ्यापाशी थांबून तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतायचात, त्याचा करपट वास माझ्या शाळेच्या फ्रॉकला यायचा. सातवीत असताना मी तुम्हाला दाखवून दिलं होतं की पेट्रोलचं जे वाचतं ते ब्रेकच्या लायनरला जातं, उलट वर थोडं जास्तच. तुम्ही सगळ्या प्रवाशांसमोर म्हणालात, "पोरीच्या जातीला गाडीतलं काय कळतं?" गाडी चालवायला शिकवलीत ती तुमच्या चिरंजीवांना. मी महाडला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून शिकले, नोकरी लागल्यावर. तो आजही घाटात समोरून गाडी आली की रिव्हर्स घेताना घामाघूम होतो. तुमचा विद्यार्थी!

आणि ते तर मी कधीच विसरले नव्हते. तो व्हायच्या वेळचं. भर दुपार, आईला कळा सुरू झालेल्या, मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेय, दुसरीतली पोर. माथा ओलांडला आणि तुम्ही किल्ली फिरवलीत. खिशात टाकलीत. बायको कळा देतेय आणि हा माणूस पेट्रोल वाचवतोय, हे मला त्या वयातही कळलं. नोकरी लागल्यापासून ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगते. लोक पोट धरून हसतात, मीही हसते, आणि दर वेळी तुमची नव्याने किळस येते.

नव्या गाडीतून आईला पहिल्यांदा खाली आणलं तेव्हा माथ्यावर मी पाय उचलला आणि इंजिन आपोआप गप्प झालं. मला ठाऊक होतं असं होणार, पुस्तकात लिहिलंय, उतारावर ही गाडी पेट्रोल घेत नाही, बॅटरी भरते. पण ठाऊक असणं वेगळं. काचा खाली होत्या. चाकांचा आवाज आणि खालून कुठूनतरी पाण्याचा. आई मागून म्हणाली, "बंद केलंस काय गो? बापासारखं?" मी म्हटलं, मी नाही, गाडीने केलं, आणि माझा ब्रेक तापत नाही. मग राहवेना म्हणून म्हटलं, आणि मी काही कळा देणाऱ्या बायकोला घेऊन पेट्रोल वाचवत नाहीये. आरशात आईने डोळे मिटलेले दिसले. मला वाटलं झोपली.

"मीच सांगितलं त्याला बंद कर म्हणून," ती म्हणाली. "ती जीप कसली, चाळण. इंजिन चालू असलं की हाडन् हाड वाजायचं. दर हादऱ्याला माझा जीव जायचा. तो नको बोलत व्हता. आज नको, बोलला, तू हायेस, पोरगी हाय, ब्रेक नाय लागला तर? रोज बंद करणारा माणूस, त्या दिवशी ऐकंना. मी त्याच्या हाताला चावले गो. तवा बंद केलान."

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तुमच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता, बाबा. मला वाटलं होतं रेडिएटरचं झाकण काढताना भाजलं. मी आईला विचारलं, एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू कुठं विचारलंस? तू सांगत व्हतीस."

तेव्हा तो एक दिवस सोडला. बाकीचे सगळे दिवस तुमच्या नावावर तसेच आहेत, देवाला स्मरणाऱ्या बायका, माझा फ्रॉक आणि पोरीची जात, यातलं काही मी माफ केलेलं नाही. स्टाफरूममधली ती गोष्ट मात्र आता सांगता येत नाही, याचा थोडा रागच आला. आई आतून येईल इतक्यात. हे पत्र गाडीच्या खणात विम्याच्या कागदांखाली ठेवते, कारण तुम्हाला कुणी ते वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. विशेषतः पुढचं. आज सकाळी घाट उतरून पोलादपूरला सपाटीवर आलो, इंजिन सुरू झालं, आणि माझ्या तोंडून, तुमचंच तोंड करून, निघून गेलं, "झालं, लागली प्यायला." आई हसायला लागली ती महाड येईपर्यंत, आणि मी तिला थांबवलं नाही.