एकशे त्र्याऐंशीपैकी शून्य

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११.१५

जुनी सिस्टीम परत बसवली. एकूण वेळ पाच तास, पैकी दोन सीडी शोधण्यात. सीडी माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे, हरवू नये' लिहिलेल्या पाकिटात होती.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. हिचं एम्ब्रॉयडरीचं मशीन जुनं आहे. त्याला फक्त जुन्या सिस्टीमची भाषा कळते. गेल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवली, कारण ती फुकट मिळत होती, आणि मशीन मुकं झालं. यात चूक माझी, असं घरात एक मत आहे. मत एकाच व्यक्तीचं आहे, पण घरात माणसंच दोन.

आता मशीन बोलतंय. हिने लगेच पहिला एप्रन लावला. नर्सिंग कॉलेजची ऑर्डर आहे. खिशावर दिव्याचं चित्र, खाली त्या मुलीचं नाव. असे एकशे साठ. प्रत्येक नाव वेगळं, म्हणून ते दरवेळी कॉम्प्युटरवरून मशीनला पाठवावं लागतं. मुदत बावीस तारीख. हिची एवढी मोठी ऑर्डर ही पहिलीच.

ही म्हणाली, झालं ना, आता हात लावू नका. आभार मानायची तिची ही पद्धत आहे.

दुपारी ४.३०

स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खूण. लिहिलंय, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित नाही, अपडेट बाकी आहेत.

मी एकोणतीस वर्षं वजनमापं निरीक्षक होतो. शिक्का नसलेला तराजू वजन बरोबर दाखवत असला तरी मी तो जप्त करत असे. इथे तर घरातच बिनशिक्क्याचं यंत्र. उद्या दुपारपर्यंत सगळे अपडेट पूर्ण करायचे. संकल्प.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९.००

'अपडेट शोधत आहे.' हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे पळते आहे. चांगलं लक्षण.

९.४०. शोधत आहे.

११.२०. शोधत आहे. मधूनच पंखा जोरात फिरतो. म्हणजे आत काम चालू आहे.

दुपारी १.५०. सापडले. एकशे त्र्याऐंशी. डाउनलोड: १८३ पैकी ०.

हिला कॉम्प्युटर हवा होता. समजावून सांगितलं की असं काम अर्ध्यात थांबवता येत नाही, थांबवलं तर सगळं बिघडतं. वाटलं होतं वाद घालेल. अजिबात नाही. म्हणाली, बरं, मग तुम्ही आता झोपणार ना.

तिला माझ्या तब्येतीची काळजी आहे हे पाहून बरं वाटलं.

सायंकाळी ४.१५

दोन तास पडलो होतो. उठून पाहतो तर कॉम्प्युटर परत 'शोधत आहे' वर. सगळं पहिल्यापासून. व्होल्टेज कमीजास्त झालं असणार. वीज कंपनीला पत्र लिहायचं.

६ मार्च, गुरुवार

स.९ ते दु.२: शोधत आहे, सापडले, १८३ पैकी ०.

दुपारी ४: पुन्हा शोधत आहे.

मुलीला फोन केला. ती गुराढोरांची डॉक्टर आहे, पण तिच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आहेत. तिचं म्हणणं, बाबा, तो कॉम्प्युटर फक्त आईच्या मशीनसाठी आहे, नेटची वायर काढून टाका, विषय संपवा. मी म्हटलं, एखादी म्हैस तपासायला अवघड गेली तर तू तिला सोडून देतेस का. ती म्हणाली, बाबा, म्हैस आजारी असते, तुमचा कॉम्प्युटर आजारी नाहीये.

नव्या पिढीत चिकाटी नाही.

७ मार्च, शुक्रवार

मोबाइलवर शोधाशोध केली. एका परदेशी चर्चापानावर अगदी माझीच अडचण मांडलेला एक गृहस्थ सापडला. जुनी सिस्टीम परत बसवली, अपडेट अडकले, चार दिवस झाले, कृपया मदत करा. खाली त्याचाच दुसरा निरोप: 'सुटलं. धन्यवाद.'

कसं सुटलं ते लिहिलेलं नाही. निरोप नऊ वर्षांपूर्वीचा आहे. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर त्याची वेतनवाढ रोखली असती.

त्याला उत्तर लिहिलं. पान म्हणालं, ही चर्चा बंद झाली आहे.

९ मार्च, रविवार

आज एक नवी गोष्ट लक्षात आली. बिघाड नेहमी दोन ते चार या वेळात होतो. तीन दिवसांचे आकडे समोर मांडले तेव्हा स्पष्ट दिसलं. निरीक्षकाची नजर कुठे जात नाही.

निष्कर्ष: दुपारच्या उन्हाने भिंत तापते, त्याचा परिणाम होतो. कॉम्प्युटर भिंतीपासून एक फूट पुढे ओढला. पडदा लावला. हिला सांगितलं की दुपारी खोलीचं दार बंद ठेव, आत कोणी जायचं नाही. ती म्हणाली, हो, दार मी बंदच ठेवते.

१० मार्च, सोमवार

की-बोर्डवर निळ्या दोऱ्याचे तुकडे. खिडकी नीट लागत नसावी. खुर्चीही कोणीतरी खाली केल्यासारखी वाटली, पण माझ्या वजनाने दबली असेल. चालणं वाढवायचं. उद्यापासून रोज चार किलोमीटर.

दुपारची झोप हल्ली शांत लागत नाही. स्वप्नात शिक्के मारल्याचा आवाज येतो, टकटकटक, सलग दोन तास. नोकरी सुटली तरी तिची सवय सुटत नाही माणसाची.

१२ मार्च, बुधवार

मोठी प्रगती. दुसऱ्या एका पानावर पूर्ण उपाय सापडला. सिस्टीममध्ये अपडेट आणणारी एक सेवा असते. ती आधी बंद करायची. मग तिचं साठवणीचं फोल्डर पुसायचं. मग नेटची वायर काढून तीन ठरावीक अपडेट हाताने, दिलेल्या क्रमाने बसवायचे. मग वायर लावायची. बाकीचे आपली वाट आपण शोधतात.

मी फोल्डर आधी पुसायला घेतलं आणि सेवा नंतर बंद केली. फोल्डर म्हणालं, मी वापरात आहे. अर्धं पुसलं गेलं, अर्धं राहिलं. क्रम चुकला असं म्हणता येणार नाही. लिहिणाऱ्याने 'आधी' हा शब्द ठळक करायला हवा होता.

चालणं: आज पायात गोळा आला. उद्यापासून.

१४ मार्च, शुक्रवार

क्रमाने केलं. तिसरा अपडेट बसवायला दुपारी १.४० ला सुरुवात केली. 'कृपया थांबा.' थांबलो. दोन वाजता डोळे मिटायला लागले म्हणून आत गेलो.

चार वाजता आलो तर तिसऱ्याचा मागमूस नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यासारखा ताजातवाना.

जेवताना हिला म्हटलं, तुझ्या कामाचा खोळंबा होतोय याची मला कल्पना आहे, थोडी कळ काढ. ती म्हणाली, माझी काळजी करू नका. कोपऱ्यातला कोऱ्या एप्रनचा ढीग मात्र निम्म्याहून कमी झालेला दिसला. बिचारी हाताने भरत असावी. डोळ्यांवर ताण येणार. मनाला लागलं. लवकर संपवायला हवं.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ३.००

आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

अडीच वाजता मुलीचा फोन आला. एरवी मी उशीखाली फोन बंद करून ठेवतो, आज विसरलो. फोन ठेवला, आणि जागा असूनही स्वप्नातला टकटक आवाज चालूच. आवाजाच्या दिशेने गेलो. दार उघडलं.

ही कॉम्प्युटरसमोर. नेटची वायर तिच्या मांडीवर. शेजारी मशीन जोरात चालू, निळ्या दोऱ्याने कोणाचं तरी आडनाव उमटत होतं. ती दचकली नाही. एवढं नाव होऊ द्या, मग बोलू, म्हणाली. मी उभा राहिलो. आडनाव लांब होतं.

मग बोललो. ती पाच तारखेपासून रोज दोन वाजता कॉम्प्युटर बंद करते, वायर काढते, परत चालू करते, एप्रन भरते, आणि चारला दहा कमी असताना वायर लावून माझी हिरवी पट्टी सुरू करून ठेवते. आजचा एप्रन एकशे एकोणिसावा.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, अहो, पहिल्याच दिवशी मागितला होता की. तुम्ही इतके रमला होता. आणि दोन तास मला पुरत होते.

मी रागावलो नाही. फक्त चौकशी पूर्ण केली.

सायंकाळी ६.००

विचार केला. याचा अर्थ एकच. माझी पद्धत पहिल्यापासून बरोबर होती. व्होल्टेजचा दोष नव्हता, उन्हाचा नव्हता, माझा तर नव्हताच. केवळ व्यत्यय. चौदा दिवसांनी माझं निर्दोषत्व सिद्ध झालं. हिला हे सांगितलं. ती म्हणाली, भाजी चिरून देता का.

समझोता झाला: ऑर्डर पूर्ण होईपर्यंत मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही. शब्द दिला आहे.

१९ मार्च, बुधवार

हात लावला नाही. दिवस फार मोठा असतो. चालायला गेलो. चौकापर्यंत. परत येताना रिक्षा केली.

खोलीच्या दारातून लाल खूण दिसते.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १२.४०

एकशे चाळीस एप्रन तयार. ही ते पोचवायला कॉलेजात गेली आहे. शेवटच्या वीस मुलींची यादी तिथूनच मिळायची आहे, म्हणजे तोवर कॉम्प्युटर रिकामाच. चारपर्यंत येईन म्हणाली. जाताना दारात थांबून माझ्याकडे पाहिलं.

शब्दाचा मी खोलवर विचार केला. 'ऑर्डर पूर्ण होईपर्यंत.' एकशे चाळीस ही व्यवहारात पूर्णच म्हणायची. शिवाय व्यत्यय आणणारी व्यक्ती तीन तास घराबाहेर. अशी संधी पुन्हा येणार नाही. हिलाही एक चांगला धक्का देता येईल.

१.०५. सेवा बंद. फोल्डर पुसलं. क्रम बरोबर.

१.३०. वायर काढली. हाताने तिन्ही अपडेट बसले. झोप आली होती, तोंडावर पाणी मारलं.

१.४५. वायर लावली. शोधत आहे.

१.५२. सापडले. सात मिनिटांत.

२.४०. १८३ पैकी ६१. माझे डोळे भरून आले. कोणाला सांगावं कळेना. मुलीला फोन केला. ती एका गाईजवळ होती, नंतर करते म्हणाली.

३.३५. १८३ पैकी १८३. लाल खूण गेली. हिरवी आली. मी खुर्चीत मागे टेकून पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. नोकरीतल्या शेवटच्या दिवशीही मला इतकं समाधान वाटलं नव्हतं.

सायंकाळी ५.२०

ही आली. हिरवी खूण दाखवली. तिने खुणेकडे नाही, मशीनकडे पाहिलं. यादीतलं पहिलं नाव टाइप केलं, पाठवलं.

मशीन गप्प.

मशीनची वायर काढून लावली. बंद करून चालू केलं. गप्प. स्क्रीनवर आलं की असं कोणतंही उपकरण जोडलेलं नाही. मशीन तर समोर होतं, सत्तर किलोचं. मी हात लावून खात्री केली.

मला वाटलं ओरडेल. ती खुर्चीत बसली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. म्हणाली, परवा सकाळी त्या वीस मुलींचा शपथविधी आहे. चौदा दिवस मी तिची जी समजूत काढत होतो, तशी आता कोणीतरी माझी काढायला हवी होती.

तिने मशीनच्या कंपनीला फोन केला. उद्या सकाळी दुरुस्तीवाल्या ताई येतील.

मी सीडी घेऊन गेलो आणि म्हटलं, जुनी सिस्टीम परत बसवतो, सीडी हातातच आहे, तीन तास. ती म्हणाली, नको. हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.३०

ताई साडेनऊला आल्या. तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. कॉम्प्युटरसमोर बसल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, अपडेटने मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, बदललाय. हे नवं काही मशीनला चालत नाही. याला नेट जोडायचंच नसतं, काकू. आमच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय.

पुस्तिका मी वाचलेली नाही. ती पातळ होती.

पंचवीस मिनिटांत त्यांनी जुना ड्रायव्हर टाकला. अपडेटची सेवा कायमची बंद केली. नेटची वायर गुंडाळून हिच्या हातात दिली. मशीनने पहिलं आडनाव उमटवायला घेतलं, आणि तेवढ्या वेळात पहिल्यांदाच ही थोडी हसली.

मग पावती लिहिताना ताईंनी विचारलं, पण हे अपडेट केले कोणी. एकशे त्र्याऐंशी आहेत. कारण लिहावं लागतं.

मी दारात होतो. श्वास धरून उभा होतो म्हटलं तरी चालेल.

ही सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, आपोआप झाले असतील.

ताई म्हणाल्या, हं, होतात कधीकधी. आणि तसं लिहिलं.

मला सांगायचं होतं की आपोआप होत नाहीत. आधी सेवा बंद करावी लागते, मग फोल्डर पुसावं लागतं, तीन अपडेट हाताने बसवावे लागतात, तेही क्रमाने, आणि एवढं करूनही सतरा दिवस लागतात. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी ताईंना विचारलं, चहात साखर किती.