वाटाड्याच्या मागचा मानाचा नंबर

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. उजवा गुडघा सध्या वाकत नाही, आणि वाकलाच तर सरळ होत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? आजवर घरात सांधेदुखीचा मान एकट्या तुझा होता, आता त्यात मीही वाटेकरी झालो आहे. तू दिलेलं तेल लावतो आहे, पण त्या तेलाची वेगळीच कथा आहे, ती पुढे येईल.

तर तुझ्या आज्ञेप्रमाणे जाऊन आलो. माझ्या धाकट्या लेकीने पसंत केलेला तो डोंगरातला वाटाड्या पारखायचा, ओळख न देता त्याच्याच टोळीबरोबर हिंडायचं, आणि खोट काढूनच परत यायचं, असं तू बजावलं होतंस. तिची आई गेल्यापासून पोर तुझ्याच मांडीवर वाढली. तू नाही म्हणालीस तर ती लग्न करणार नाही. रडणार नाही, भांडणार नाही, नुसती माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन मुकाट्याने काजं करत बसेल, आणि ते माझ्याने बघवणार नाही. म्हणून काम मनावर घेतलं होतं. खोटा भरपूर काढल्या आहेत, सविस्तर लिहितो.

पहिली खोट म्हणजे हा माणूस दुसऱ्याच्या सामानात हात घालतो. तो टोळ्या नेतो ते राष्ट्रीय उद्यान, असं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बाकडी, कारंजं आणि फुगेवाला होता. (प्रत्यक्षात तिथे बर्फाचे सुळके, दगड आणि पुन्हा दगड. बसायचं तर दगडावरच.) त्या हिशेबाने मी कडक इस्त्रीच्या पँटी, छत्री, घडीची खुर्ची आणि धंद्याची मोठी कात्री घेतली होती. निघायच्या आधी त्याने सगळ्यांच्या सॅक उघडल्या, काट्याला लावून तोलल्या, आणि माझी जवळजवळ रिकामी केली. सुईदोऱ्याची डबी तेवढी ठेवली. मग सगळ्यांचं सामायिक सामान आणि शिधा वाटला. बाकीच्यांना तांदूळ, रॉकेलचा स्टोव्ह, तंबू असं काहीबाही दिलं आणि माझ्याकडे मीठ आणि चहाची पूड. इतक्या जोखमीच्या वस्तू आपल्या हवाली केल्या, याचं मला जरा बरंच वाटलं.

दुसरी खोट मी कपड्यांत काढणार होतो. माणूस कॉलरला आणि काखेला उघडा पडतो, हे मी तुला किती वेळा सांगितलं आहे. त्याच्या जाड कोटाला मागून न्याहाळलं तर खांदा असा बसलेला की बघत राहावं, काखेत एक चुणी नाही. वारा सुटला, त्याने कॉलर वर केली, आणि आतली दुहेरी टीप दिसली. माझीच! मागच्या थंडीत धाकटी कुणा गिऱ्हाइकाची मापं कागदावर घेऊन आली होती, त्याचा हा कोट. शिलाईही चोख मिळाली होती. तेव्हा कपड्यांची बाजू मला सोडून द्यावी लागली.

तिसरी खोट, अस्वलाची भीती घालतो. मुक्कामाला पोचलं की खाण्याचं आणि वासाचं जे जे असेल ते लांब ठेवलेल्या लोखंडी पेटीत बंद करायचं, अगदी साबणसुद्धा, कारण वासावर अस्वल येतं. मी तुझं तेल गुडघ्याला चोळून, उरलेलं डोक्याला लावून बसलो होतो. बाटली पेटीत गेली, पण डोकं कुठे ठेवणार? शेवटी बर्फाच्या पाण्याने डोकं धुवावं लागलं, ओढ्याच्या काठी, सगळ्या टोळीदेखत. शिवाय तिथे केलेला कचरा आपल्याच पाठीवरून खाली आणायचा. (सगळ्या प्रकारचा. जास्त लिहीत नाही, तू जेवून बसली असशील.)

आता मुख्य प्रकरण. पहिल्या दिवसापासून त्याने मला अगदी स्वतःच्या मागे चालायला लावलं. पुढे तो, मग मी, आणि मागे बाकीची सगळी रांग, त्यात एक दातांची डॉक्टरीणबाई आणि तिचे धट्टेकट्टे भाचे. वयाचा मान ठेवतो आहे, असं मी समजलो. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची म्हणून काही जबाबदारी असते, म्हणून मी वळून वळून मागच्यांना सूचना देत होतो: पाय जपून टाका, गप्पा मारू नका, दम लागला तर लाजू नका. ती मंडळी माझ्याकडे अशा काही नजरेने बघायची की मला तो आदर वाटला.

जिथवर जायचं होतं ती खिंड अगदी हाताशी आली असताना हा थांबला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, हवा बिघडेल, मागे फिरू. आभाळ नव्या अस्तरासारखं निळंशार! भाचे भडकले. ते तिसऱ्यांदा त्या खिंडीसाठी आले होते. ते त्याला घाबरट म्हणाले, परत गेल्यावर तक्रार करू म्हणाले. मीही दोन खडे बोल सुनावले, पुढारी म्हणून मला गप्प राहणं शोभलं नसतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि उतरायला लागला. हवा संध्याकाळपर्यंत बिघडली नाही. घे, म्हटलं, अक्का, ही खरी खोट: भित्रा आहे आणि त्याला आपल्या धंद्यातलं कळत नाही.

मुक्कामावर डॉक्टरीणबाई माझ्या गुडघ्याला पट्टी बांधताना हसल्या आणि म्हणाल्या, अहो, टोळीत सगळ्यात हळू चालणाऱ्याला वाटाड्याच्या मागे ठेवतात, म्हणजे सगळे त्याच्या चालीने चालतात आणि तो मागे एकटा पडत नाही. आणि आज खिंडीखाली तुमचा पाय लटलट कापत होता, तुमच्या लगेच मागे असल्याने मला दिसला, लांबच्या भाच्यांना नाही, आणि वळून बघताना त्यालाही दिसला असणार.

अक्का, माझ्यामुळे सगळे मागे फिरले हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. शिव्या स्वतः खाल्ल्या, त्यातल्या दोन माझ्या. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला, तो का ते तुला सांगायला नको. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने फक्त चहाची पूड मागितली.

एवढ्या खोटा पुरेत, असं वाटतं. निर्णय अर्थातच तुझा.

तुझा,
लंगडा भाऊ

ता.क. मी बटणांचा व्यापारी आहे आणि मला मूलबाळ नाही, असं मी त्याला रोज रंगवून सांगत होतो. धाकटीने त्याला माझा फोटो आधीच दाखवला होता. तो रोज मन लावून ऐकत होता.

ता.क. २. धाकटीला मी माझा होकार दिला आहे. ती म्हणाली, आत्या काय म्हणते ते सांगा.

ता.क. ३. हे पत्र टपालाने येत नाहीये, ते आणून देणारा म्हणजेच तो वाटाड्या आहे. पाकीट मी शिवून दिलं आहे, त्यामुळे त्याने वाचलेलं नाही. तू कित्येक वर्षं मागते आहेस ते आपल्या आईचं लोखंडी शिलाई मशीन त्याच्या पाठीवर आहे, आणि अक्का हो म्हणेपर्यंत खाली ठेवू नकोस, असं मी त्याला गमतीने म्हणालो होतो. त्याला गंमत कळत नाही, ही एक खोट लिहायची राहिली. पत्र जरा लांबलंच. अक्का, आधी दार उघड.