बाहीवरची पट्टी

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साथीमुळे तुझं तपासणी केंद्र बंद, तरी बाळ अशक्त आहे का ते दंडावरून सांगणारी, तू पाठवलेली पट्टी टपालाने पोचली. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे जपा, हिरवं म्हणजे ठीक. तू लिहिलंस तशी दंडाभोवती गुंडाळली. ढब्बू हिरव्यात आहे. आता तरी शांत झोप. इथे डोंगरावर मे महिन्यातही थंडी आहे, म्हणून त्याचा स्वेटर काढला नाही. यांचा कारखाना अजून बंदच. सासूबाई म्हणतात, आठ महिन्यांचा झाला तरी हा उचलायला कसा हलका. बाकी घरात सगळे ठणठणीत.

तुझी लाडकी,
धाकटी

११ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, तू स्वेटरचा दंड मोजलास! वीस वर्षं लोकांच्या लेकरांचे दंड मोजतेय, आणि सख्ख्या बहिणीला उघड्या दंडावर लाव हे लिहायचं राहिलं. चूक माझीच. ते हिरवं लोकरीच्या जाडीचंही असेल.

हे मिळताच पुन्हा मोज. लाल आलं तर साथीची भीती बाजूला ठेवून दवाखाना गाठ. पिवळं आलं तर अंगावर पाजच, शिवाय दिवसातून तीनदा मऊ शिजवलेलं, वर चमचाभर तेल, जमलं तर अंडं. आणि खरं सांग, तू जेवतेस का? नापास झालीस तेव्हाही ठणठणीत असल्याचंच कळवलं होतंस.

लोभ ठेवशीलच, आधी ताट वाढून घे.
ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दर आठवड्याला कार्डावर नुसतं 'पिवळं' लिहून धाडत होते. कारण आज लिहिते. घरात पुरत नव्हतं, म्हणून भूक नाही सांगून मी एकदाच जेवायचे. दूधही आटत चाललं होतं. लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र सासूबाईंच्या हाती पडलं. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट आधी वाढतात आणि संपेपर्यंत समोर बसतात. स्वतः कोरा चहा घेतात, त्यांच्या वाटचं दूध माझ्या पेल्यात. मला रडू आलं तर म्हणाल्या, आधी गिळ, मग रड.

आज गारठा असूनही ढब्बूचा स्वेटर काढला. हिरवं आलं, ताई. तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा सासूबाईंनी.

पट्टी परत मागू नकोस. खालच्या मजल्यावर एक बाळंतीण आहे, तिच्या मोठ्या मुलीसाठी सासूबाई ती घेऊन गेल्यात. जाताना माझ्याकडून एक ताटही वाढून घेतलं, त्या मुलीच्या आईसाठी.

तुझ्या लोभाने पोटभर जेवलेली,
धाकटी