पिठावरची रेघ

मालेगाव, ता. ९ डिसेंबर १९३८

रामकिसन भाऊजींस जगदेवचा रामराम.

इथं सारे बरे हायेत. माय लेकीची, अंजनाची याद काढते. केनवडले तुमच्या वांग्याले पाणी पुरते का, ते कळवा.

दौलतराव मालकाच्या मोटारीचं लिहितो. त्या खटाऱ्याची मले आता किळस आली. तुमाले काढून दुसरा डायवर ठेवला, तरी वाशीमची एक खेप झाली का ऑइल कमीच. मंग आता कोण चोरून विकून राह्यलं?

तुमच्यावर ऑइलचोरीचा आळ आला, तवा मिस्त्री म्हून तपासणी म्याच केली होती. उभ्या मोटारीखाली कोरा कागद अंथरला, एक थेंब पडला नाही. पंप कोरडा हाये, कुठं गळत नाही, असं म्या चार लोकांत ठासून सांगतलं. त्यावर दौलतरावानं तुमाले मारुतीच्या पारावर शपथेचा बेलभंडार उचलायले लावला. तुमी उचलला, पण मानलं कोणी? सख्खा साया, बायकोचा भाऊच पंप कोरडा म्हणते, मंग चोर डायवरच.

परवा म्या पंपाची नळी पुसली, तिच्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरलं अन् इंजिन चालू केलं. पिठावर काळी रेघ उमटली. इंजिन तापलं तशी धार लागली, बंद केलं तशी थांबली. पंप फिरते तवाच ऑइल दाबानं नळीच्या चिरीतून निघते अन् सारं रस्त्यावर सांडते. उभ्या मोटारीखाली कागद घालून काय दिसणार, कपाळ?

भाऊजी, हे मले तवाही ठाऊक होतं. ते नळी म्याच बसवली होती. तिच्या पेचाची आटी जास्त आवळली, तवा कट्‌ असा आवाज आला होता, तिथंच चीर पडली. इंजिन चालू केलं असतं तर माझी चूक उघडी पडली असती. म्हून कागद अंथरला.

दौलतरावाले रेघ दाखवली. म्हणते, "नळी बदल अन् चूप बस. झालं ते झालं." त्याच्या तोंडाची ओकारी आली, अन् त्याहून माझ्या तोंडाची. तीन महिने याच तोंडानं जेवून राह्यलो मी.

नळी बदलली नाही. बदलली का पुरावा गेला. बाजाराच्या दिवशी मोटार त्याच पाराजवळ उभी करतो. पीठ तुमी भुरभुरा, इंजिन मी चालू करतो. मंग बेलभंडार मी उचलतो अन् आटीचंही सांगतो. नोकरी जाईल, जाऊ द्या.

अंजनाले आणा. माझ्याशी बोलू नये तिनं, पण पाहावं.

ज्याच्या शब्दानं तुमी चोर ठरले, तो
जगदेव